थांगीबाईची टोपली

आधी एक गोष्ट साफ सांगते. ती चिनी नव्हती. नेपाळीही नव्हती. आमच्या गल्लीत अजूनही एखादं म्हातारं माणूस "ती चिनी बाई कुठं गेली हो?" असं विचारतं तेव्हा माझं डोकं फिरतं. वीसेक वर्षं तुमच्या दारावरून गेली-आली, तुमच्या लग्नात पंगती वाढल्या, तुमच्या घरी मयत झाली तेव्हा चहाची किटली घेऊन आली, आणि तुम्हाला तिचं गाव ठाऊक नाही. मिझोरामची होती ती. पार पूर्वेच्या टोकाला, डोंगरातली. पूर्ण नाव चांगलं लांबलचक होतं, एकदा माझ्या शाळेच्या फळ्यावर तिनं ते लिहूनही दाखवलं होतं. जालन्यानं ते कापून थांगी केलं, पुढं बाई जोडलं आणि तिनं ते निमूट घेतलं. तिनं निमूट घेतलेली एवढी एकच गोष्ट मला आठवते.

मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच लागले होते. जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. समोरचं घर बरेच महिने रिकामं पडलं होतं. तिथं एका दुपारी टेम्पोतून तीन माणसं उतरली: झुआला नावाचे पाद्री, त्यांची बायको मावी आणि ही थांगी. तिकडच्या चर्चनं त्यांना आमच्या स्टेशनवर राहणाऱ्या पोरांसाठी पाठवलं होतं. आमच्या गल्लीला मिशन म्हटलं की गोरा साहेब, दवाखाना आणि मोटार एवढंच माहीत. ह्या तिघांकडं मोटार नव्हती, एक गिटार होती. हिंदी मोडकंतोडकं, मराठीच्या नावानं शून्य. थांगी सांगायची, जालन्याला निघाले तेव्हा गावानं मला समुद्रापार चालल्यासारखा निरोप दिला. तिच्या लेखी हा परदेशच होता. ऊन परकं, बोली परकी, भाकरी तर बिलकुल परकी.

पहिल्या महिन्यात तिचं मन लागलं ते अंबाडीमुळं. बाजारात अंबाडीच्या जुड्या दिसल्या आणि बाई तिथंच मटकन बसली. तिच्या डोंगरातही हीच भाजी, हेच आंबट पान. भाजीवालीचा हात धरून ती तिच्या भाषेत काय काय बोलत सुटली. भाजीवाली घाबरली आणि एक जुडी फुकट देऊन मोकळी झाली. तेव्हापासून अंबाडीच्या दिवसांत त्यांच्या घरी दुसरी भाजी शिजली नाही. पोरं वैतागायची, पण खायची.

ही पोरं म्हणजे रुळांच्या कडेची. एमआयडीसीतल्या मिलींना लोखंडाचं भंगार लागायचं, ते वेचायला जालन्यात पोरांची कमी नव्हती. खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे गोणीत भरायचे, भंगारवाल्याला द्यायचे आणि फलाटावर झोपायचं. कोणी घरातून पळालेलं, कोणाला घरच नसलेलं, कोणी गाडीत चुकलेलं. थांगी सकाळीच स्टेशनावर जाऊन त्यांच्यात बसायची. जखमा धुवायची, उवा काढायची, आणि त्यांच्याकडून मराठी शिकायची. मी म्हटलं, अगं मी मास्तरीण समोर राहते, माझ्याकडं ये. आली, चार दिवस अक्षरं गिरवली. पण बोलणं काही तिनं माझ्याकडून घेतलं नाही. ते फलाटावरूनच आलं, फलाटावरच्या शिव्यांसकट.

आणि सगळ्यांना "तू". पोरांच्या मराठीत दुसरं काही नव्हतंच. फौजदाराला तू, दवाखान्यातल्या डॉक्टरला तू, माझ्या सासऱ्यांना तू. सासरे आधी चमकले. मग म्हणाले, पंचवीस वर्षांत मला कोणी इतक्या आपुलकीनं बोललं नव्हतं. मी तिला एकदा समजावून सांगितलं की मोठ्या माणसाला तुम्ही म्हणायचं असतं. तिनं विचारलं, मोठा म्हणजे वयानं का पैशानं? मी म्हटलं, तसं दोन्हीनं. त्यावर तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या म्हाताऱ्या आईला तुम्ही म्हणाली. बाकी सगळे तूच राहिले.

तिचं एक पालुपद होतं: "बघू कोण थकतं." पोरगं तिसऱ्यांदा पळून फलाटावर गेलं की चप्पल घालता घालता ती हे म्हणायची. त्यात राग नसायचा. नळाला पाणी आलं नाही तरी तेच, सरकारी दवाखान्यात नर्सनं बाहेर बसवलं तरी तेच. मी तिला चिडवायची, थांगे, जालना कधी थकत न्हाई, जालना दुपारी झोपतं. ती हसायची आणि पानाची चंची उघडायची. पान खाण्यात ती आमच्या म्हाताऱ्यांनाही मागं टाकायची. मिशनच्या बाईचे लालभडक ओठ बघून गल्लीतल्या बायांचं भय निम्मं तिथंच गेलं.

आता टोपलीचं सांगते. कारण थांगीबाई म्हटलं की जालन्याला टोपली आठवते, आणि त्यावरून जो तमाशा झाला तोही आठवतो. ज्यांना आठवत नाही त्यांना मी आठवण करून देईन.

तिच्या मुलखात एक रीत आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते तेव्हा त्यातले मूठभर आधी बाजूला काढून ठेवते. रोज, दोन्ही वेळा. ते तांदूळ चर्चमध्ये जमा होतात आणि त्यावर ही अशी पथकं दूरदूरच्या गावी चालतात. म्हणजे आमच्या स्टेशनवरचं पोरगं जे खात होतं ते कुठल्या तरी डोंगरातल्या गरीब बाईच्या मुठीतून आलेलं होतं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी अवाक झाले. मला वाटायचं, अमेरिकेतून येत असेल. सगळ्या गल्लीला तसंच वाटायचं.

तिनं फलाटावरून घरी आणलेली पोरं वाढत गेली. पंधरा-सोळा जणं झाली. तिकडून येणारं पुरेना. तेव्हा थांगी एका सकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "निर्मला, आमच्या डोंगरातल्या बायांनी तुमच्या जालन्याच्या लेकरांना किती वर्षं खाऊ घालायचं? तुमच्या बायांना मुठी न्हाईत का?" मला राग आला, आणि तो तिचा नव्हता.

तिनं वाट बघितली नाही. लगेच कामाला लागली. त्यांच्याकडची ती बांबूची उंच टोपली पाठीवर घेतली, तिचा पट्टा कपाळावर आडवा अडकवला, आणि दारोदार निघाली. आमच्याकडं तांदूळ कुठला, ज्वारीचंच पीठ मागायचं ठरवलं होतं. वार होता मंगळवार. तिला काय माहीत मंगळवार म्हणजे काय. मंगळवारी, शुक्रवारी आमच्याकडं देवीचा जोगवा मागतात. बाई दारात येते, परडी पुढं करते, घरची बाई तिला हळदकुंकू लावते, पाया पडते आणि परडीत पीठ घालते.

पहिलं दार गयाबाईचं. गयाबाई मूळची हसनाबादकडची, शेतकऱ्याघरची. नवरा आडत बाजारात मापाडी होता म्हणून गावात येऊन राहिलेली. तुळजापूरची भक्त. तिनं दार उघडलं तर दारात पाठीवर टोपली घेतलेली बाई, मंगळवारी मूठभर पीठ मागणारी. गयाबाईनं पुढचा विचारच केला नाही. आतून कुंकवाची कोयरी आणली, थांगीच्या कपाळी मळवट भरला, वाकून पाया पडली आणि टोपलीत ओंजळभर पीठ घालून "आई राजा उदो उदो" म्हणाली. शेजारणीनं ते बघितलं. तिनंही तेच केलं. मग तिच्या शेजारणीनं.

थांगी तासाभरानं माझ्या दाराशी आली ती टोपली भरून. कपाळावरचं कुंकू पट्ट्याखाली फासून सगळं कपाळ लालेलाल झालेलं, नाकाच्या शेंड्यापर्यंत. आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला हसूही येईना. म्हणाली, तुमच्याकडंही हीच रीत हाय, तू मला सांगितलं कामून न्हाई? इथल्या बाया तर आमच्याहून चांगल्या, आमच्याकडं पाया कोणी पडत न्हाई.

मी तिला घरात घेतलं, पाणी दिलं आणि जोगवा म्हणजे काय ते सांगितलं. ती ऐकत गेली. कपाळाला बोट लावून बघितलं. तेवढ्यात समोरून झुआला आले. त्यांनी तिचं कपाळ बघितलं आणि दारातच थांबले.

झुआला भला माणूस होता हे आधी सांगून ठेवते. पोरांचं हगणं-मुतणं हातानं काढणारा माणूस. पण धर्माच्या बाबतीत सरळ रेघ. देवीच्या नावानं दिलेलं अन्न आपल्या घरात शिजणार नाही, कपाळ धू आणि पीठ परत कर, असं त्यांनी सांगितलं. थांगीनं कपाळ धुतलं. पीठही परत करायला निघाली, कारण ते फसवून घेतल्यासारखं झालं होतं आणि ते तिलाही सोसवत नव्हतं. बुधवारी पुन्हा तीच टोपली घेऊन ती गयाबाईच्या दारात. मी सोबत गेले होते. तिनं तिच्या फलाटी मराठीत स्पष्ट सांगितलं की मी देवीची बाई न्हाई, येशूची हाय, मी स्टेशनच्या पोरांसाठी मागत होते, तू चुकून दिलं, तुझं पीठ परत घे.

गयाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दिलेलं परत घेतलं तर माझ्या घरात बरकत ऱ्हाईल का?" ती म्हणाली. "पोरायसाठी मागत व्हती तर पोरायला घाल. आन् पुढच्या मंगळवारी ये. कुंकू लावल्याबिगर मी काई देत नसते, ते माझं हाय."

झालं. थांगी घरी आली आणि झुआलांना म्हणाली, पीठ कोणी परत घेत नाही, आणि मी मंगळवारी पुन्हा जाणार. कुंकवाचं काय, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कुंकू त्यांचं, ते लावून त्यांना बरं वाटतं. घरी येऊन धुवायला माझ्याकडं पाणी आहे. त्या रात्री त्यांच्या घरातून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. भाषा कळत नव्हती, पण कोण हटत नाही ते कळत होतं.

मंगळवारमागून मंगळवार गेले. गयाबाई कुंकू लावायची, मी बौद्ध घरातली, मी नुसतं पीठ घालायची, पलीकडच्या गल्लीतली मुसलमान घरंही मूठ काढून ठेवायला लागली. टोपली दोनदा भरायची. पोरांना भाकरी पोटभर मिळायला लागली. एवढं सगळं सरळ चाललं की जालन्यात कोणाच्या तरी पोटात दुखणारच. ते भाऊरावांच्या दुखलं.

भाऊराव आमच्या गल्लीचे पुढारी. धान्याची आडत, नगरपालिकेत एकदा निवडून आलेले, गणपतीचे अध्यक्ष. भांडण मिटवायला भाऊराव आणि भांडण लावायलाही भाऊरावच. त्यांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. ही बाई कपाळाला कुंकू लावून बायांना फसवते, हिंदूंची लेकरं नेऊन बाटवते, आपल्याच पिठावर आपलीच पोरं किरिस्ताव करते, असं सगळं बोलून झालं. मग प्रत्येक घरच्या पुरुषाला सांगितलं की तुमच्या घरातून मूठ जाता कामा नये. गयाबाईच्या नवऱ्याला तर उघडच बजावलं. तुझ्या बायकोनं पीठ दिलं तर तू माझ्या आडतीवर मापाला उभा राहू नको.

मला विचारायला आले तेव्हा मी त्यांना ओट्यावरच थांबवलं. म्हटलं, भाऊराव, बाटण्याची भीती दुसऱ्या कोणाला घाला. आमच्या घरानं धर्म बदलला तो दिवसाढवळ्या, माझ्या आजोबांनी स्वतःच्या पायांनी जाऊन. आम्हाला कोणी भाकरी दाखवली नव्हती. उलट होती ती भाकरी गावानं बंद केली होती. ते माझ्याकडं न बघता निघून गेले. पण माझ्या एका मुठीनं पंधरा पोरं थोडीच जेवणार. त्या मंगळवारी थांगी गल्ली फिरून आली तेव्हा टोपलीच्या तळाला पीठ होतं. दारं लागलेली होती. गयाबाईच्या दाराला आतून कडी होती आणि आत ती असल्याचं थांगीला कळत होतं.

इकडं घरातही तिला आधार नव्हता. झुआला म्हणाले, देवानंच हे बंद केलं, आता तरी सोड. तिकडच्या चर्चचा निरोपही आला होता की थांगीनं टोपली थांबवावी, नाहीतर परत यावं. घरात पीठ नव्हतं. पोरं एका वेळच्या जेवणावर आली. दोन पोरं पुन्हा गोणी घेऊन रुळांकडं गेली, कारण तिथं निदान संध्याकाळी वडापाव मिळायचा. त्या दोघांच्या रिकाम्या चटया बघून थांगीनं ठरवलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या पोरांना आंघोळी घातल्या. रुळांवरची ती दोघंही तिनं कानाला धरून आणली होती. केसांना तेल, भांग, सगळं. मला वाटलं फोटो काढायला नेते. तिनं सगळ्यांची ओळ केली आणि निघाली ती थेट आडत बाजारात. माझी शाळा दुपारची होती, मीही मागं गेले. आमच्या मागं गल्लीतल्या चार बाया, आणि त्यांच्या मागं निम्मा बाजार.

भाऊरावांच्या आडतीवर सौदे चालू होते. ज्वारीचे ढीग, हमाल, गाड्या, शेतकरी. त्या सगळ्यात थांगीनं पोरांना पोत्यांवर ओळीनं बसवलं. सगळ्यांत लहान मुन्नी, पाचेक वर्षांची, तिला भाऊरावांच्या गादीवरच बसवलं. भाऊरावांनी चष्मा काढला आणि हे काय लावलं म्हणून विचारलं.

"तू म्हणला ना, तुमची पोरं मी बाटवून राह्यले," थांगी म्हणाली. "मंग तुझी तू घे. हिंदू कोण, मुसलमान कोण, तुला ओळखू येत आसंल. मला येत न्हाई. तुझी निवडून घरी ने. उरतील ती माझी."

हमालांनी पोती खाली ठेवली. भाऊराव हसले, मग हसणं पुरेना म्हणून पोरांना नावं विचारायला लागले. एका पोरानं सांगितलं की स्टेशनवर राजू म्हणतात, मिलकडं सलीम म्हणतात, ही मावशी काळ्या म्हणते. हमाल खो खो हसले. मुन्नीला विचारलं, गाव कोणतं? ती म्हणाली, टेसन. बापाचं नाव काय? तिनं थांगीकडं बघितलं. बाप म्हणजे काय हे तिला कोणी विचारलंच नव्हतं कधी. भाऊरावांनी दुसऱ्या पोराकडं वळून बघितलं, तिसऱ्याकडं बघितलं. मग त्यांनी जुना मुद्दा काढला. ह्यांना तू येशूच्या गोष्टी सांगते का न्हाई, खरं बोल.

"सांगते की," थांगी म्हणाली. "लपवून न्हाई सांगत. तू ये ना, तुझ्या देवाच्या गोष्टी सांग. जागा हाय. येताना भाकरी घेऊन ये फक्त."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून गयाबाई पुढं आली. तिचा नवरा तिथंच काट्यापाशी उभा होता, त्यानं डोळ्यांनी तिला दटावलं. ती त्याच्याकडं न बघता भाऊरावांसमोर गेली. पदर खोचला. "भाऊराव, घ्या ना मंग," ती म्हणाली. "कामून गप बसले? तुमच्या घरी सात खोल्या हाईत. दोन घ्या, तीन घ्या. आमच्या घरी एकच खोली हाय, तरी एक मी नेते. हे बोललेच आता." आणि खरोखर तिनं एका पोराचा हात धरला. नवऱ्यानं काटा खाली ठेवला. त्याला कळलं होतं की आजचं माप त्याचं शेवटचं.

भाऊराव उठले. म्हणाले, पुरे झाला तमाशा, घेऊन जा तुझी फौज. थांगी हलली नाही.

"आधी म्हण," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"ही माझी न्हाईत, म्हण. सगळ्यांना ऐकू दे. मंग नेते."

ऊन पत्र्यावर चढलं होतं. मुन्नी गादीवर बसून खाली सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून खात होती. भाऊरावांनी एकदा बाजाराकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग मान वळवून म्हणाले, न्हाईत माझी. थांगीनं बरं म्हटलं, मुन्नीला कडेवर घेतलं आणि ओळ परत फिरली.

मला वाटलं आता ही घरी जाऊन हसेल, गाणं म्हणेल. ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. पानाची चंची तिला उघडेना. मी म्हटलं, अगं जिंकलीस की. ती म्हणाली, त्यानं खरंच दोघं-तिघं घेतली असती तर? मी विचारलं, दिली असतीस? मला वाटलं नाही म्हणेल. ती म्हणाली, हो, भाकरी देणार असता तर दिली असती. मग ती रडली. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढच्या मंगळवारी दारं उघडली. पुरुषांनी आडकाठी केली नाही; आडतीवर जे झालं ते त्यांनीही ऐकलं होतं. गयाबाईच्या नवऱ्याचं काम मात्र गेलं ते गेलंच. तो पुढं मिलमध्ये रात्रपाळीला लागला, आणि गयाबाईनं त्याबद्दल थांगीजवळ कधी चकार शब्द काढला नाही. जालन्यात मोठेपणा कोणाचा सांगायचा झाला तर मी आधी गयाबाईचा सांगते. मग थांगीचा.

चर्चचा निरोप मात्र खरा होता. थांगीनं टोपलीही सोडली नाही आणि परतही गेली नाही, तेव्हा तिकडं तिचं नाव कमी झालं. झुआला आणि मावी निघाले. जाण्याच्या दिवशी झुआला माझ्याकडं येऊन म्हणाले, ती चुकते आहे असं मला आजही वाटतं, तिच्याकडं लक्ष ठेवा. आणि गिटार ठेवून गेले. मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. थांगीनंही ठेवली नाहीत. ती दर रविवारी इथल्या चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसायची. तिथंही काहीजण तिच्याशी बोलत नसत. ती प्रार्थना पूर्ण करून यायची आणि भाकरीची परात पुढं ओढायची.

मग वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं फार नाही. पोरं मोठी झाली, काही मिलमध्ये लागली, काही हरवली, एक रेल्वेतच लागला. मुन्नी बारावी झाली, नर्सिंग केलं, आणि परत येऊन तेच घर चालवायला लागली. थांगीचे गुडघे गेले, एका डोळ्यानं दिसेना. गल्लीतली नवी पिढी तिला मान द्यायला लागली, नको तेवढा. गणेशोत्सवात कोणी तरी तिचा सत्कार ठरवला, शाल-नारळ. भाऊरावांच्याच मुलानं. ती गेली नाही.

आणि एक दिवस म्हणाली, मी गावी चालले. मला वाटलं, भावाला भेटायला. म्हणाली, न्हाई, राहायलाच. मी चिडले. म्हटलं, आता म्हातारपणी? मुन्नी आहे, मी आहे, इथं कोण तुला कमी करतंय? ती म्हणाली, "इथं मेले तर तुम्ही माझा फोटो लावाल. हार घालाल, उदबत्ती लावाल. मुन्नी तर नक्की लावंल. मंग पोरं भाकरीच्या आधी फोटोला हात जोडतील. मला ते बिलकुल नको." मी म्हटलं, न्हाई लावणार. ती माझ्याकडं बघत बसली. मला खोटं बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं.

मनमाडकडची गाडी सकाळची होती. तिनं कोणाला सांगू दिलं नव्हतं, तरी फलाट भरला. मिलवरून पोरं आली, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं. गयाबाई काठी टेकत आली. मुन्नी कोणाला न कळता मागं उभी राहून डोळे पुसत होती. थांगी खिडकीत बसली. मी खिडकीची दांडी धरून उभी होते. मी नुसती तिच्याकडं बघत होते.

गाडीनं धक्का दिला. थांगीची नजर माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी लागली होती. तिच्या एका डोळ्याला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

"निर्मला, माझ्याकडं काय बघती?" ती रागानं म्हणाली. "तिकडं बघ."

मी वळले. पाण्याच्या नळापाशी एक पोरगी बसली होती, सात-आठ वर्षांची. मांडीवर लहान भाऊ झोपलेला. आमच्यातली कोणी नव्हती, नवीनच उतरलेली दिसत होती. एवढा फलाट माणसांनी भरलेला होता आणि तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी तिच्यापाशी जाऊन खाली बसले, जेवली का विचारलं. तिला मराठी कळत नव्हतं. हिंदीत विचारलं, तेही कळेना. मग मी हातानं विचारलं.

मागं वळून बघितलं तेव्हा गाडी फलाट सोडून गेली होती. शेवटचं नीट बघूसुद्धा दिलं नाही बाईनं. मी त्या पोरीचा हात धरला, मुन्नीला हाक मारली, आणि आम्ही घरी आलो.